पिस्टन नावाच्या बैलावरील चार ओळींबाबत

मी, आदिनाथ नथू तिकोणे, वय ५३ वर्षे, राहणार बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे. धंदा शेती, आणि यात्रांच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यतीत माइकवर बोलणे. धंद्याच्या रकान्यात मी ‘तोंड चालवणे’ असे सांगितले होते. जबाब टाइप करणाऱ्या हवालदार कोमल शेडगे मॅडम यांनी तेथे ‘निवेदक’ असा शब्द घातला. तो मला मान्य आहे.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आज रोजी समक्ष हजर राहून, कोणाच्या दबावाखाली नव्हे, व ठाण्याचा एक कप चहा घेतलेला असताना, सांगतो की,

पवनानगर येथील तुषार रतन कालेकर यांनी माझ्याविरुद्ध तक्रारी अर्ज दिला आहे. अर्जाचा मतलब असा की, त्यांच्या मालकीचे चार ओळींचे काव्य मी चोरले व कुसगावच्या यात्रेत दुसऱ्याच्या बैलावर वापरले. सदर काव्य मीच रचलेले आहे, ही गोष्ट अर्जात नमूद आहे. ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. अर्जावरून माझा माइक, ॲम्प्लिफायर व कर्णा ठाण्यात जमा करून घेण्यात आला. येत्या रविवारी आमच्या बेडशाची यात्रा आहे. माइक परत मिळावा, व त्या चार ओळी माझ्या गावात मला म्हणता याव्यात, एवढेच माझे मागणे आहे. जबाबात मागणे लिहीत नाहीत असे मॅडम म्हणाल्या. मी तसे म्हणालो हेही लिहावे, अशी विनंती केल्यावरून लिहिले आहे.

मॅडम जळगावकडच्या असल्याने त्यांनी आमच्या शर्यतीबाबत विचारले. सांगतो की, आमच्याकडे गाडे चढावर पळतात. त्या चढाच्या वाटेला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, पुढे घोडी, वर टोकाला निशाण. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात. बारी सुरू होऊन संपेपर्यंत माणसाला धड शिंकताही येत नाही. तेवढ्यात बैलाचे नाव, मालकाचे नाव, गाव, आणि त्या बैलाचे काव्य बसवणे हे माझे काम. काव्य चांगले असेल तर हरलेल्या बैलाचा मालकही मिशीला पीळ देत जातो. वाईट असेल तर जिंकलेला मालक माझ्याकडे बघत नाही.

ज्याला काव्य पाहिजे तो माझ्याकडे येतो व बैलाचे गुण सांगतो. ते बहुधा मालकाचेच गुण असतात. मी ऐकून घेतो व मग बैल बघायला जातो. काव्य झाले की फेटा, नारळ व जेवण मिळते. कागद होत नाही. आजवर कोणी मागितलाही नाही. मी म्हटलेले कोणीही कोठेही म्हणतो. निवडणुकीत तर बैलाचे नाव काढून उमेदवाराचे घालतात. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दुसऱ्या पक्षात गेलेला असतो, ओळी त्याच चालतात. त्याबद्दल मी कोणावर अर्ज दिलेला नाही, व बैलांचीही तक्रार आलेली नाही.

तुषार यांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखतो. ते धरणाच्या काठी वडिलांच्या जमिनीत तंबू लावून पर्यटकांसाठी कॅम्प चालवतात. पूर्वी ते मला आदिनाथभाऊ म्हणत. कॅम्प चालू झाल्यावर काका म्हणू लागले. अर्जात ‘सदर इसम’ म्हणतात.

सुमारे तीन वर्षांपूर्वी त्यांनी पिस्टन नावाचा खोंड आणला. तो शर्यतीसाठी आणला की पर्यटकांना फोटो काढायला, याबाबत मला खात्रीने सांगता येणार नाही. ते माझ्या घरी येऊन म्हणाले, “काका, याच्यावर एकदम हटके पायजे. लोकांच्या तोंडात बसलं पायजे.” मी खोंड बघून आलो. अंगाने काळा, कपाळावर पांढरा चांद. पहिल्या तीन ओळी मला परत येताना मोटारसायकलवर सुचल्या. चौथी सुचेना. तिसरी ओळ घोकत मी घरात येरझाऱ्या घालत होतो. माझी पत्नी सविता भाकरी थापत होती. ती म्हणाली, “किती येळ इचारताय त्या धुरळ्याला? गाडा गेला वर, भंडारा काढा, आन् जेवाया बसा.” त्यातले जेवायला बसण्याचे तेवढे सोडून बाकी मी घेतले. मॅडमच्या सांगण्यावरून पूर्ण काव्य येथे देतो ते असे:

कपाळाला चांद, शिंगाला गोंडं,
पिस्टन सुटला, मिटून घ्या तोंडं!
धुरळा इचारतो, कुटं गेला गाडा?
गाडा गेला वर, भंडारा काढा!

गाडा वर पोचला की बैलांवर भंडारा, म्हणजे हळद, उधळतात. पिस्टनला सराव द्यायला मी जात असे व सविता सोबत गूळ घेऊन येत असे. त्यामुळे सदर बैलास अशी सवय लागली की, पहिल्या ओळीला तो कान टवकारतो, दुसरीला सुटतो, आणि चौथी ऐकली की बारी संपली असे समजून थांबतो व म्हणणाऱ्याच्या खिशाशी येतो. चौथी ऐकल्याशिवाय त्याच्या दृष्टीने बारी संपत नाही. ही गोष्ट सर्व गाडामालकांना माहीत आहे. अर्जदारांनाही सांगितली होती. त्या वेळी ते फोनवर होते.

पुढे शनिवार-रविवार कॅम्पवर शेकोटीपुढे घाटातले निवेदन करून दाखवण्यास मी जाऊ लागलो. माइक माझा, कर्णा माझा, मोटारसायकल माझी. कोठे लग्न असेल तर लग्न आधी, कॅम्प नंतर. मन नसले तर जात नसे. पर्यटक कोंबडी भाजत व मध्येच, गाडा पळताना घाटात ओरडतात तसे, ‘भिर्रर्र’ असे ओरडत. एकदा मुंबईच्या एका पर्यटकाचे पांढरे केसाळ कुत्रे, नाव कुकी, निवेदन चालू असताना माझ्या पोटरीस चावले. इंजेक्शनाचे काय, असे विचारता अर्जदार म्हणाले, “काका, तुम्ही आपल्या पगारावर नाही ना. तुम्ही फ्रीलान्सर. फ्रीलान्सरचं त्याचं त्यानं बघायचं असतं.” तो शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. सरकारी दवाखान्यात नर्सबाईंना मी तसे सांगितले असता त्यांनी केसपेपरवर ‘कुत्रा’ एवढेच लिहिले.

गेल्या श्रावणात सविता वारली. त्या शनिवारी मी कॅम्पवर गेलो नाही. मोबाइलवर अर्जदारांचा मेसेज आला, “काका, काकींचं ऐकून वाईट वाटलं. गेस्ट लोक पिस्टन पिस्टन करतायत. तुमचं जुनं रेकॉर्डिंग लावू का?” खाली हात जोडल्याचे चित्र होते. मी उत्तर दिले नाही. उत्तर न देणे म्हणजे संमती देणे, असे अर्जदारांच्या वकिलांचे म्हणणे आहे. त्या आठवड्यात मी दूधवाल्यालाही उत्तर दिले नव्हते. त्याने संमती धरली नाही. तो दूध ठेवून गेला.

तेव्हापासून कॅम्पवर माझ्याऐवजी माझे रेकॉर्डिंग निवेदन करते. त्यास कुत्रे चावण्याचीही भीती नाही. अर्जदारांनी त्यातल्या पहिल्या दोन ओळी कापून मोबाइलसाठी रील तयार केली. त्याच दोन ओळी टी-शर्टवर व चहाच्या मगावर छापल्या. ‘मिटून घ्या तोंडं’ हे चहा प्यायच्या भांड्यावर का छापले, याचा खुलासा झालेला नाही. मी फोन करून पुढच्या दोन ओळींचे विचारले. ते म्हणाले, “काका, पुढचं लांबतं. पब्लिकला तेवढा धीर नसतो. आणि चौथी ओळ तर कुणाला कळतच नाही, भंडारा वगैरे.” त्यावर मी काही बोललो नाही. फोन ठेवल्यावर बोललो. ते या जबाबात घेता येणार नाही असे मॅडम म्हणतात.

बैल खातो व टी-शर्ट खात नाही, हे ध्यानात आल्यावर अर्जदारांनी पिस्टन विकला. कुसगावच्या शालूबाई दळवी यांनी तो घेतला. आमच्याकडे बैल विकला तरी त्याच्या गळ्यातला दोर विकत नाहीत. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा, विकणाऱ्याने आपला सोडून घरी ठेवायचा. म्हणजे गोठ्याची बरकत बैलामागे जात नाही, असे मानतात. त्याप्रमाणे शालूबाईंनी आपला दोर आणला, व अर्जदारांनी आपला सोडून घेतला. तो सध्या कॅम्पच्या ऑफिसात काचेच्या पेटीत लावलेला असून पर्यटक त्यापुढे फोटो काढतात. कॅम्पचे नावही ‘पिस्टन’ असेच आहे. तेथे आता पिस्टन नाही व पिस्टनला हाक मारणाराही नाही. तरी शनिवार-रविवार जागा मिळत नाही असे ऐकतो.

कुसगावच्या यात्रेत शालूबाईंच्या गाड्याला पिस्टन होता. मी त्याच्या चारही ओळी म्हटल्या. गाडा पहिला आला. शालूबाईंनी मला फेटा बांधला. अर्जदार गर्दीत मोबाइलवर चित्रण करत उभे होते. मी त्यांना माइकवरून राम राम घातला. तो राम राम त्यांनी पुरावा म्हणून जोडला आहे.

त्यानंतर मला वकिलांची नोटीस आली. ती इंग्रजीत असून सोबत मराठी भाषांतर आहे. भाषांतर वाचल्यावर मी इंग्रजीच बरी म्हणून तीच समोर धरून बसलो. नोटिशीत असे आहे की, सदर ओळी, त्यांचा कोणताही भाग, त्यांच्यासारखे भासणारे कोणतेही ध्वनी, तसेच ‘भिर्रर्र’ हा उच्चार, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय मी तोंडातून काढू नये. भिर्रर्र असे माझे आजोबा म्हणत, त्यांचे आजोबाही म्हणत असावेत. त्यांना नोटिसा पोचल्या किंवा कसे, याबाबत मला माहिती नाही.

जबाब येथवर टाइप झाल्यावर आज दुपारी मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवले. नोटिशीची प्रत माझ्या खिशात होती. मॅडमनी आधी सरकारी वकील साहेबांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. साहेब जेवत असावेत. ते म्हणाले, “पगारी नोकरानं नोकरीत केलं असेल तर मालकाचं. बाहेरच्या माणसानं करून दिलं असेल, आणि हक्क लिहून दिला नसेल, तर करणाऱ्याचं. लिहून दिलंय का?” मॅडमनी अर्जदारांकडे पाहिले. अर्जदार म्हणाले, “लिहून कशाला? ते आमचेच माणूस आहेत. घरच्यासारखे. नोकरच समजा.”

त्यावर मी म्हणालो, “तुजं मानूस व्हतो, तर कुत्रं चावलं तवा कुनाचा व्हतो?”

“तो विषय वेगळा आहे, काका.”

“वेगळा कसा? पोटरी माजी, आन् तोंड तेवढं तुजं व्हय?”

मॅडमनी मला अर्जदारांना एकेरी न बोलण्याची समज दिली. नंतर त्यांनी अर्जदारांना विचारले की, नेमणुकीचा कागद, हजेरी, पगारपत्रक, निदान गणवेश, असे काही आहे काय. अर्जदार म्हणाले, “टी-शर्ट दिला होता ना!” ही गोष्ट खरी आहे. सदर टी-शर्टवर माझ्याच दोन ओळी होत्या व तो मला आखूड झाला.

नोकर जमेना तेव्हा अर्जदारांनी दोराचा मुद्दा काढला. त्यांचे म्हणणे की, आपल्यात बैल विकला तरी दोर विकत नाहीत. काव्य हे दोरासारखेच आहे. बैल गेला, दोर राहिला, तसे काव्यही त्यांच्याकडे राहिले. हे ते बोलत असताना शालूबाई ठाण्यात आल्या. शर्यतीआधी बैलाचा डॉक्टरी दाखला लागतो, म्हणून त्या पिस्टनला पिकअपमध्ये घालून निघाल्या होत्या व मॅडमनी त्यांनाही बोलावले असल्याने वाटेत हजेरी लावायला थांबल्या. सोबत बैल सांभाळणारे बहिरू होते. ते बैलाला पाणी दाखवायला आवारात थांबले.

शालूबाई दारातूनच म्हणाल्या, “दोर? अरं, नाव बैलासंगं येतंय, तसं त्याचं गानं बी बैलासंगं येतंय. न्हाईतर कपाळाचा चांद बी ठिवून घ्यायचास की. चमच्यानं खरवडून.”

अर्जदार म्हणाले, “मावशी, हा ब्रँडचा मुद्दा आहे.”

“ब्रँड तुज्या मगाला आसंल. माज्या बैलाला वशिंड हाय.”

यानंतर बराच वेळ काव्य हे दोर आहे की चांद, यावर बोलणे झाले. आत रिपोर्ट द्यायला आलेल्या दोन इसमांनीही मते दिली. एक दोराच्या बाजूने व एक चांदाच्या बाजूने होता. दोर वळणाऱ्याला काही विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. मीही हात वर केला नाही, कारण तो चहाच्या कपात गुंतला होता.

अर्जदार म्हणाले की, वाद कशाला, मॅडमनी पुरावाच ऐकावा. त्यांनी सोबत कॅम्पवरचा स्पीकर आणला होता. तो व्हरांड्यात ठेवून त्यांनी मोबाइलवरून रील लावली. “आरं, बैल हाय भाईर!” असे शालूबाई म्हणाल्या, परंतु तोवर ‘कपाळाला चांद’ वाजून झाले होते.

आवारात पिस्टनने पाण्यातून तोंड वर काढले. दुसऱ्या ओळीला तो बहिरूच्या हातून सुटला. सदर रील संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे बैलास दर दोन ओळींनी नव्याने सुटण्याची आज्ञा मिळत राहिली. अर्जदारांनी मोबाइलवर बरीच बोटे मारली, परंतु रील बंद होईना. पिस्टनने आवाराला फेऱ्या मारण्यास सुरुवात केली. ‘येथे वाहने लावू नयेत’ हा फलक पहिल्याच फेरीत आडवा झाला. त्या फलकाखाली अर्जदारांची नवी गाडी उभी होती. अर्जदार गाडी वाचवायला धावले व बैल समोरून आल्याने तिच्या बॉनेटवर चढले. मोबाइल खाली पडला व रील बंद झाली. बैल बंद झाला नाही.

बहिरू ओरडले, “आदिनाथभाऊ, चौथी म्हना! त्येला चौथी पायजे!”

मॅडम व्हरांड्यातून म्हणाल्या, “तिकोणे, म्हणा ना ते काय असेल ते!” त्यांनी स्वतःही “भंडारा काढा!” असे दोन-तीन वेळा म्हणून पाहिले. मॅडमचा आवाज खणखणीत आहे, परंतु बैलाची ओळख नव्हती. अर्जदारांनीही बॉनेटवरून ती ओळ म्हणण्याचा प्रयत्न केला. त्यांना ती आली नाही. ‘गाडा गेला’ इथपर्यंत आली.

मी खिशातून नोटीस काढून मॅडमना दाखवली व म्हणालो, “न्हाई म्हनता येत, मॅडम. कोनताबी भाग, मालकाच्या लेखी परवानगीबिगर. हितं लिवलंय.”

“काका, म्हणा! परवानगी आहे!” असे अर्जदार म्हणाले.

“लेखी म्हनलंय.”

“काका, प्लीज! गाडीचे हप्ते चालू आहेत!”

शालूबाई म्हणाल्या, “दे की रं लिवून. येवढा शिकलास, चार ओळी लिवता येत न्हाईत व्हय? आमच्या आदिनाथला येत्यात.”

नोटिशीची पाठची बाजू कोरी होती. मी ती अर्जदारांकडे वर दिली. पेन मॅडमनी दिले. अर्जदारांनी बॉनेटवर बसून, मांडीवर कागद धरून लिहिले. मजकूर मी सांगितला तो असा की, अर्ज मागे घेतला आहे. सदर चार ओळींपैकी पहिल्या तीन आदिनाथ नथू तिकोणे यांच्या व चौथी कैलासवासी सविता आदिनाथ तिकोणे हिची आहे. त्या कोठे म्हणायच्या ते आदिनाथ ठरवतील. कॅम्पवर म्हणायच्या असतील तर विचारून, व चारही म्हणाव्या लागतील.

अर्जदारांनी लिहिता लिहिता विचारले, “काकींचं नाव कशाला? त्या कुठं माइकवर होत्या?”

मी उत्तर दिले नाही. तेवढ्यात पिस्टन पुन्हा वळून आला व गाडीच्या डाव्या बाजूचा आरसा पडला. त्यांनी नाव लिहिले व सही केली. या वेळेस उत्तर न देणे म्हणजे काय, हे त्यांना आपोआप समजले.

नंतर मी पायरी उतरून खाली गेलो. माइक नव्हता. घरात बोलतो तेवढ्या आवाजात मी तिसरी ओळ म्हटली व मग चौथी म्हटली. पिस्टन थांबला. धापा टाकत माझ्याजवळ आला व त्याने माझा खिसा हुंगला. खिशात गूळ नव्हता. गूळ आणायचे काम माझ्याकडे कधीच नव्हते. तो खिशापाशी तसाच उभा राहिला. मीही उभा राहिलो. मॅडमनी टेबलाच्या खणातून चिक्की आणून दिली. ती गुळाचीच असल्याने बैलाने हरकत घेतली नाही.

अर्जदार बॉनेटवरून उतरले. उतरल्यावर त्यांनी अशी विचारणा केली की, ओळी आता काकांच्या झाल्या आहेत, तर आरशाची भरपाईही काकांकडून मिळेल काय. शालूबाई म्हणाल्या, “बैल सुटला तवा ओळी तुज्याच व्हत्या की रं. तुजाच अर्ज हाय आत.”  मॅडमनी आडवा पडलेला फलक उचलून अर्जदारांसमोर धरला. अर्जदारांनी तो मनात वाचला व पडलेला आरसा उचलून घेतला.

माझा माइक, ॲम्प्लिफायर व कर्णा मला सुस्थितीत परत मिळाला. कर्ण्याला ठाण्यात आल्यापासून आणखी एक पोचा आहे, परंतु तो आवाजाच्या आड येत नाही, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. रविवारी बेडशाच्या घाटात पिस्टनची बारी आहे. मॅडमना मी येण्याचे सांगितले आहे. त्यांची ड्यूटी बंदोबस्ताला तेथेच लागली असल्याचे समजते. बारीनंतर गूळ कोणी आणायचा, ते ठरलेले नाही. शालूबाई म्हणाल्या की, त्या आणतील.

माझा जबाब कोमल शेडगे मॅडम यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे टाइप केला व मला मोठ्याने वाचून दाखवला. मधल्या चार ओळी मात्र, बैल अद्याप आवारात बांधलेला असल्याने, मॅडमनी मनात वाचल्या व मी बोट ठेवून तपासल्या. त्या बरोबर आहेत. पहिल्या तीन माझ्या आहेत.

समक्ष सही,
आदिनाथ नथू तिकोणे